परवानगी मागणाऱ्याचा अपराध कोणता?

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात, गुलमोहोर रस्त्याच्या किंवा पाइपलाइन रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांतून चालताना नजर जराशी वर ठेवावी. तळमजल्यापुरत्याच बांधलेल्या बंगल्यांच्या गच्चीवर खांबांच्या गंजलेल्या सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. कुणी त्यांवर प्लॅस्टिकची बाटली पालथी घातलेली असते, कुणी त्यांना कपडे वाळविण्याची दोरी बांधलेली असते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एखाद्या शिक्षकाने, बँकेतील वा एस.टी.तील नोकरदाराने कर्ज काढून तळमजला उभा केला आणि वरचा मजला मुलासाठी म्हणून सळया तशाच ठेवल्या. आईवडील खाली, मुलगा-सून वर, नातवंडे जिन्यावरून दोन्हीकडे. त्या सळयांमध्ये एका कुटुंबाचा असा साधा बेत दडलेला असतो.

आज तो मुलगा कर्ता झाला आहे. वरचा मजला चढवावा म्हणून कुटुंब वास्तुविशारदाकडे जाते आणि तेथे कळते की दरम्यानच्या काळात नियम बदलले. समजा, आजच्या नियमाने बाजूला दीड मीटर मोकळी जागा सोडायची आहे आणि वडिलांनी बांधलेली भिंत हद्दीपासून सव्वा मीटरवर आहे. वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीवरच उभी राहणार. ती पाव मीटर आत घ्यायची तर तिच्याखाली आधार कुठला? जागा स्वतःची, खांब भक्कम, शेजाऱ्याची तक्रार नाही, आणि तरीही नकाशा मंजूर होत नाही.

अशा वेळी कुटुंबापुढे तीन वाटा असतात. पहिली, मुलाने दुसऱ्या टोकाला सदनिका घ्यावी आणि म्हाताऱ्यांनी खाली एकटे राहावे. दुसरी, कुणाला न विचारता मजला चढवून टाकावा. तिसरी, रीतसर अर्ज करून, आपली अडचण मांडून, नियमातून तेवढ्यापुरती सूट मागावी. यांतील तिसरी वाट सर्वांत सन्मानाची आहे, आणि सर्वांत ओसाडही तीच आहे. ती ओसाड का पडली, हा या लेखाचा विषय आहे.

मुळात अशी वाट आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. मुंबई वगळता महाराष्ट्राच्या बहुतांश भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. अहमदनगर महापालिका, जी २००३ मध्ये स्थापन झाली आणि शहराच्या नामांतरानंतर अहिल्यानगर महापालिका म्हणून ओळखली जाते, तीही या नियमावलीच्या कक्षेत आहे. या नियमावलीत प्राधिकरणाला स्वेच्छाधिकार देणारे एक कलम आहे. एखाद्या विशिष्ट प्रकरणात स्पष्टपणे दाखविता येण्याजोगी अडचण निर्माण होत असेल, तर लेखी विशेष परवानगीने नियमातील मोजमापे शिथिल करता येतात. मात्र त्या शिथिलतेमुळे रहिवाशांच्या आणि शेजाऱ्यांच्या आरोग्याला, अग्निसुरक्षेला, इमारतीच्या मजबुतीला वा सार्वजनिक सुरक्षिततेला बाध येता कामा नये. आणि तीन गोष्टींत तर कोणत्याही परिस्थितीत सवलत नाही: रस्त्याकडील सोडायचे अंतर, चटईक्षेत्र निर्देशांक आणि वाहनतळ. म्हणजे रस्ता गिळता येणार नाही, मंजूर क्षेत्राबाहेर बांधता येणार नाही आणि गाडीची जागा बळकावता येणार नाही. बाजूचे अंतर, मागचे अंतर, जिन्याची रुंदी, खोलीचे माप अशा गोष्टींत विचार होऊ शकतो. त्यासाठी अधिमूल्य भरावे लागते, अटी घातल्या जाऊ शकतात. नियम करणाऱ्याने येथे शहाणपणा दाखविला आहे, हे मान्य केले पाहिजे.

लहान भूखंडांसाठी तर याच नियमावलीने दार पुष्कळ उघडले. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण दीड हजार चौरस फुटांच्या भूखंडावर नियमात बसणारे घर बांधायचे असेल तर पूर्वीसारखी परवानगीची प्रतीक्षा नाही. वास्तुविशारदाने प्रमाणित केलेला नकाशा सादर करून शुल्क भरल्याची पावती पुरते. तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी दहा दिवसांची मुदत ठेवली आहे. पण ही सोय नियमात बसणाऱ्यासाठी आहे. ज्याचे जुने घर पाव मीटरने नियमाबाहेर पडते, त्याला स्वेच्छाधिकाराच्या कलमाखेरीज आसरा नाही.

आता ‘अडचण’ म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथे आपलीच मंडळी घोटाळा करतात. मुलाचे लग्न ठरले ही गरज आहे. भाड्याचे चार पैसे मिळावेत ही इच्छा आहे. भूखंड तिरका आहे, एका बाजूला विहीर आहे, जुनी भारवाही भिंत हलविता येत नाही, ही अडचण आहे. अडचण जमिनीत आणि बांधकामात दिसली पाहिजे. अर्जदाराच्या घरातील प्रसंगावर सूट देऊ लागलो, तर ज्याला चार मुलगे त्याला चार मजले, असा हिशेब होईल. वृद्ध आईवडिलांसाठी तळमजल्यावर स्वच्छतागृह वाढविणे किंवा उतरंड बांधणे यासारख्या कामांत मात्र माणसाची स्थितीही विचारात घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ज्या देशात ही कल्पना कायद्यात मुरली, त्या अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी आहे. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये इमारतींच्या वापराचे, उंचीचे आणि आकाराचे विभागवार नियम केले, तेव्हाच अपवादांचा विचार करणारे मंडळही नेमले. नियम घट्ट हवा असेल तर त्याला एक अधिकृत झडप हवी, हे त्यांनी पहिल्या दिवशी ओळखले. पुढे १९२६ मध्ये ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे विभागीकरण घटनेला धरून असल्याचे ठरविले. आज तेथे घराला एक खोली जोडायची आणि ती नियमात बसत नसेल, तर गावाच्या मंडळापुढे अर्ज करावा लागतो. शेजाऱ्यांना नोटीस जाते, उघडी सुनावणी होते, ज्याला हरकत असेल तो उभा राहून बोलतो आणि निर्णय कारणांसह नोंदला जातो. स्वतःच ओढवून घेतलेली अडचण तेथे सहसा ग्राह्य धरत नाहीत. भारतातून आईवडील यायचे म्हणून घर वाढवू पाहणारी आपली मराठी कुटुंबेही तेथे याच रांगेत उभी राहतात, आणि शेजाऱ्याला आधी जाऊन भेटण्याची रीत तेथे शिकतात. अमेरिकेचे सर्व काही उचलावे असे नाही. तेथील गावांनी या नियमांच्या आडून गरिबांना आणि परक्यांना दूर ठेवल्याचा इतिहासही मोठा आहे. पण सुनावणीची पद्धत उचलण्यासारखी आहे.

आणि ती आपल्याला परकी तरी का वाटावी? कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरबांधणीचे नियम आले आहेत. दोन घरांमध्ये किती पावलांचे अंतर असावे, सांडपाण्याची वाट कशी काढावी, गवाक्ष शेजाऱ्याच्या बाजूला किती उंच ठेवावे, हे सारे तेथे आहे आणि मोडणाऱ्याला दंडही आहे. पण हे नियम सांगून झाल्यावर कौटिल्य म्हणतो की घरमालकांनी एकत्र येऊन, परस्परांच्या संमतीने, वेगळ्या रीतीने बांधले तरी चालेल. मात्र अनिष्ट ते टाळावे. नियम, अपवाद, अपवादाला शेजाऱ्याची संमती आणि त्या संमतीलाही सार्वजनिक हिताची मर्यादा, अशा चारही गोष्टी त्या छोट्याशा तरतुदीत बसल्या आहेत. आपल्या नियमावलीत स्वेच्छाधिकार आला, पण शेजारी मात्र गळाला. अर्ज नगररचना विभागात जातो, फाइल टेबलांवरून फिरते, आणि ज्याच्या खिडकीचा उजेड जाणार आहे त्याला पहिली खबर लागते ती विटा उतरल्यावर.

हे अंतर सोडण्याचे नियम कुणी वैतागून केलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने मुंबईतील दाटीच्या, अंधाऱ्या चाळी धुऊन काढल्या, त्यातून १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि १९१५ मध्ये मुंबई प्रांताचा नगररचना कायदा आला. दोन घरांमधली ती बोळकांडी म्हणजे उजेड, वारा, ड्रेनेज साफ करणाऱ्या कामगाराची वाट आणि आग लागली तर पाण्याची नळी नेण्याची जागा. पाव मीटरची सूट देताना हे सर्व मोजूनच द्यायला हवे. तेव्हा ‘माझी जागा, मी काहीही करीन’ हा युक्तिवाद येथे कुणी करू नये.

आता त्या ओसाड वाटेकडे. अर्ज करणाऱ्याला काय मिळते? मोजणीची फी, वास्तुविशारदाची फी, छाननी शुल्क, अधिमूल्य, आणि महिनोन्‌महिने ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे उत्तर. अधिकाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर सूट देण्यात त्याला धोका आहे. उद्या चौकशी लागली तर सही त्याची. नाकारण्यात कसलाच धोका नाही. तेव्हा तो नाकारतो, किंवा त्याहून सोयीचे म्हणजे काहीच करत नाही. उलट न विचारता बांधणाऱ्याचे काय होते? नोटीस येते, उत्तर दिले जाते, मजला उभाच राहतो, घरपट्टी लागते, आणि काही वर्षांनी शासनच नियमितीकरणाची योजना घेऊन दारात येते.

ही अतिशयोक्ती नव्हे. १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठेवारी विकासासाठी २००१ चा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत थेट ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. उल्हासनगरच्या अनधिकृत बांधकामांसाठी २००६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१७ मध्ये प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात ५२-अ हे कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामे दंड घेऊन प्रशमित करण्याची सोय झाली. गुंठेवारीत अडकलेली लाखो माणसे काही गुन्हेगार नव्हेत. स्वस्तात मिळाली ती जागा घेऊन त्यांनी संसार मांडला, आणि त्यांना रस्त्यावर आणणे कुणालाही शोभले नसते. प्रश्न त्या माणसांचा नाही. प्रश्न असा की प्रत्येक कालमर्यादा पुढे सरकते तेव्हा तिच्या अलीकडे रीतसर थांबलेल्या माणसाला आपण काय सांगतो? तू मूर्ख ठरलास, हेच ना? ज्याने २०१४ मध्ये अर्ज केला आणि नकार मुकाट्याने स्वीकारला, त्याच्या गच्चीवर सळयाच राहिल्या. ज्याने त्याच वर्षी न विचारता बांधले, त्याला दंड भरून मजला मिळविण्याची संधी मिळाली. कायदा पाळणाऱ्याची अशी फजिती दर काही वर्षांनी होत राहिली, तर पुढच्या पिढीला कायद्याविषयी आदर शिकवणार कोण आणि कशाच्या बळावर?

सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कटकच्या फ्रेंड्स कॉलनी प्रकरणात याबाबत फार मोलाचा भेद केला होता. मंजूर नकाशाबाहेरचे जाणूनबुजून केलेले बांधकाम क्षम्य मानू नये, प्रशमनाचा वापर कमीत कमी व्हावा, असे न्यायालयाने बजावले. पण स्वतःचे घर बांधणारा माणूस आणि व्यवसाय म्हणून बांधणारा विकासक यांना एकाच तागडीत तोलता येणार नाही, हेही स्पष्ट केले. पहिल्याची चूक अज्ञानातून होऊ शकते. दुसरा नियम कोळून प्यालेला असतो. व्यवहारात मात्र आपण हा भेद नेमका उलटा करून ठेवला आहे. मोठ्या प्रकल्पाच्या फाइलीला वकील, सल्लागार आणि पाठपुरावा करणारी माणसे असतात. घरमालकाच्या फाइलीला फक्त घरमालक असतो, आणि तोही रजा टाकून आलेला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा बजावले की बांधकाम जुने झाले, प्रशासन झोपले, पैसे गुंतले, यांपैकी काहीही अनधिकृत बांधकामाला संरक्षण देऊ शकत नाही. म्हणजे ‘पुढे बघू’ म्हणणाऱ्यांचा आधार आता डळमळीत आहे. अशा वेळी सनदशीर वाट मोकळी करणे अधिकच निकडीचे झाले आहे.

एका ठिकाणी तर ही वाट कायद्यानेच बंद आहे, आणि आपल्या जिल्ह्याला तिची झळ विशेष आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र, ही रचना १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने आली. शहरात किल्ल्याजवळची दमडी मशीद आहे, तिकडे अकोले तालुक्यात रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आहे. प्रतिषिद्ध क्षेत्रात ज्याचे घर १९९२ पूर्वीचे आहे तो अर्ज करून दुरुस्ती वा नूतनीकरण करू शकतो. पण नवे बांधकाम करू शकत नाही, आणि ‘बांधकाम’ या शब्दाच्या व्याख्येतच वर वा बाजूला केलेली वाढ घातलेली आहे. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रतनवाडीसारख्या आदिवासी गावात मंदिराच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाने एक खोली वाढवायची म्हटली, तर तिला सूट द्यायला कुणी अधिकारीच अस्तित्वात नाही.

हे असे का झाले, त्याची कथा उद्‌बोधक आहे. १९९२ च्या अधिसूचनेत अपवादाची सोय नव्हती. तरी परवानग्यांची मागणी होतच होती. म्हणून २००६ मध्ये एक तज्ज्ञ सल्लागार समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीने प्रतिषिद्ध क्षेत्रातही परवानग्या मिळू लागल्या. ३० ऑक्टोबर २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हा सारा व्यवहार कायद्याला सोडून असल्याचा निकाल दिला. त्यावर २०१० मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापले, आणि यापुढे प्रतिषिद्ध क्षेत्रात सार्वजनिक कामालाही परवानगी नाही, असे ठरवून टाकले. आधी अपवादाची नीट सोय नाही, मग चोरवाटेने अपवाद, मग न्यायालयाचा फटका, आणि शेवटी सर्वांनाच कुलूप! पुढे केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांपुरते ते कुलूप उघडावे, असे विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केले. त्याचा कायदा झाला नाही. पण त्या विधेयकातही घरमालकाचे नाव नव्हते. शासनाला उड्डाणपूल बांधताना अडचण जाणवली. रतनवाडीच्या घरात सून आल्यावर जी अडचण होते, ती कुणाला जाणवली नाही.

स्मारके जपली पाहिजेत याबद्दल दुमत नाही. अमृतेश्वराच्या शिखरासमोर सिमेंटची तीन मजली इमारत उभी राहिली तर आपणच सर्वांत आधी हळहळू. पण कौलारू छपराची, मंदिरापेक्षा कितीतरी ठेंगणी, मागच्या अंगाला काढलेली एक खोली आणि ती इमारत यांत फरक करता येत नसेल, तर त्या कायद्याला डोळे नाहीत असेच म्हणावे लागेल.

भिंगारच्या छावणी हद्दीत परवानगीसाठी वर्षानुवर्षे छावणी परिषदेचे दार ठोठवावे लागत आले, तेथील नियमांची गोष्ट आणखी निराळी. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, महापालिकेने स्वेच्छाधिकाराच्या प्रत्येक अर्जाची नोंदवही ठेवावी आणि सूट दिली वा नाकारली त्याची कारणे जाहीर करावीत. अधिकाऱ्याला सहीची भीती वाटते ती अंधारामुळे. कारणे उघड असली की भीती निम्म्याने कमी होते. दुसरी, लगतच्या शेजाऱ्यांना लेखी सूचना आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी. शेजाऱ्याची हरकत आली म्हणून अर्ज आपोआप फेटाळू नये, आणि संमती आली म्हणून आपोआप मंजूरही करू नये. तिसरी, एका कुटुंबाच्या राहत्या घराचे अर्ज मोठ्या प्रकल्पांच्या ढिगातून वेगळे काढून महिन्यातील ठरावीक दिवशी ऐकावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. आयुक्तांचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

आणि काही शब्द आपल्या वाचकांसाठी. राष्ट्राच्या शिस्तीविषयी आपण बैठकांतून बोलतो. आपल्यापैकी किती घरांच्या बाल्कन्या काचा लावून खोल्या झाल्या, किती वाहनतळांत दुकानांची शटर लागली आणि किती सामासिक अंतरांत भांडी घासायच्या मोऱ्या निघाल्या, याची मोजदाद प्रत्येकाने आपल्या गल्लीपुरती करावी. कार्यकर्त्याच्या घराची वीट जर न विचारता चढत असेल, तर नगरसेवकाच्या अनधिकृत संकुलाविरुद्ध निवेदन देताना त्याचा आवाज चढणार नाही. नगरसेवकालाही हे पक्के ठाऊक असते.

ज्यांच्या घरी या वर्षी मजला चढवायचा विचार आहे, त्यांनी आधी जुन्या मंजूर नकाशाची आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत शोधावी. ती नसेल तर महापालिकेतून साक्षांकित प्रत मागावी. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, कारण अनेकदा जे अंतर कमी वाटते ते कुंपण चुकीच्या जागी घातल्यामुळे कमी वाटत असते. जुन्या पायावर वरचा भार झेपेल असा संरचना अभियंत्याचा दाखला जोडावा. गंजलेल्या सळयांवर तसेच नवे काँक्रीट ओतू नये. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना नकाशा नेऊन दाखवावा आणि त्यांचे म्हणणे लेखी घ्यावे, नियम तसे सांगत नसला तरी. अर्जात मुलाच्या लग्नाविषयी लिहू नये, भिंतीविषयी लिहावे. नकार आला तर तो लेखी मागावा. नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे राज्य शासनाकडे अपील करता येते, आणि त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवसांची आहे. बहुतेक घरमालकांचे हे चाळीस दिवस ‘कुणाची ओळख आहे का’ हे शोधण्यातच निघून जातात.